कार्बन क्रेडिटच्या करारावर सही करण्याआधी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी-भुदरगडच्या डोंगरी गावांत किंवा करवीर-शिरोळच्या उसाच्या पट्ट्यात एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी येऊन झाडांचे आणि मातीचे पैसे मिळतील असे सांगू लागला, तर पहिला प्रश्न विचारावा तो हा, की विकले जाणार आहे ते नेमके काय. झाड विकले जात नाही आणि जमीनही नाही. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा थांबला किंवा हवेतून शोषला गेला, असा दावा विकला जातो आणि तो घेणारा दूरचा उद्योग तेवढेच उत्सर्जन आपल्या हिशेबातून वजा करतो. एक क्रेडिट म्हणजे असा एक टन.

निसर्गाला किंमत लावावी की नाही, हा यामागचा वाद जुना आहे. 1997 मध्ये पर्यावरणीय अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी जगातील निसर्गसेवांचे, म्हणजे निसर्ग माणसाला फुकट देतो त्या पाणी, परागीभवन अशा लाभांचे, मोल वर्षाला सुमारे 33 लाख कोटी डॉलर काढले. किंमत लावली नाही तर हिशेबात निसर्ग शून्यच धरला जातो, असे एक बाजू म्हणते. किंमत लावली की ती मोजणाऱ्याला नासधुशीचा परवानाच मिळतो, असे दुसरी. जमीन-जंगलांच्या निसर्गसेवांवरील हक्क हेच भांडवल असलेल्या ‘नैसर्गिक मालमत्ता कंपन्यां’ची नोंदणी करण्याचा न्यूयॉर्क शेअर बाजाराचा सप्टेंबर 2023 मधील प्रस्ताव चौफेर विरोधानंतर जानेवारी 2024 मध्ये मागे घेण्यात आला. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात, कारण वादाचा खरा निकाल करारातील कलमांत लागतो.

सर्वांत आधी पाहावी ती आधाररेषा, म्हणजे प्रकल्प नसता तर काय झाले असते याचा अंदाज. सगळे क्रेडिट या अंदाजावर उभे असते आणि सर्वाधिक फुगवटाही इथेच होतो. जंगल तुटणारच होते असे गृहीत धरून विकलेली, प्रत्यक्षात पोकळ असलेली क्रेडिट्स हा जागतिक बाजारावरचा मोठा आक्षेप आहे. आपल्याकडचे उदाहरण पाचटाचे, म्हणजे ऊस तोडल्यावर शेतात उरणाऱ्या वाळक्या पाल्याचे, घ्यावे. जो शेतकरी आजवर पाचट पेटवत आला, त्याने ते सरीत कुजवायला सुरुवात केली तर त्याचा बदल ‘नवा’ ठरतो. शेजारच्याने हेच काम दहा वर्षांपूर्वी, स्वतःच्या खर्चाने सुरू केले असेल तर त्याच्या वाट्याला बहुधा काहीच येत नाही. बाजाराच्या तर्कात हे बसते, पण गावकीच्या न्यायात बसत नाही, आणि गटाने सहभागी होणार असाल तर ही गोष्ट पैसे आल्यावर नव्हे, आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावी.

त्यानंतर मुदत. झाडांचे करार अनेकदा 20 ते 40 वर्षांचे असतात. एवढ्या काळात सातबाऱ्यावर वारस चढतात, भावाभावांत वाटण्या होतात, जमीन खंडाने जाते. करार वारसांवर बंधनकारक आहे का, जमीन विकताना किंवा सोसायटीचे पीककर्ज काढताना त्याची आडकाठी येईल का, हे लेखी विचारावे. 2019 आणि 2021 सारखा पंचगंगेचा महापूर येऊन लागवड वाहून गेली तर नुकसान कोणाचे, याचेही उत्तर हवे. चांगल्या प्रकल्पांत अशा प्रसंगासाठी काही क्रेडिट बाजूला राखून ठेवतात.

पैशाच्या कलमात ‘सत्तर टक्के शेतकऱ्याला’ एवढे वाचून थांबू नये. ते विक्रीच्या रकमेचे सत्तर टक्के, की मोजणी, पडताळणी आणि नोंदणीचा खर्च वजा जाता उरलेल्याचे, यावर सगळे अवलंबून असते. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक मागून तो क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा.

जमीन खासगी नसेल तर वाट वेगळी आहे. गायरान, देवराई किंवा वनहक्क कायदा, 2006 खाली सामूहिक हक्क मिळालेले जंगल यांबाबत एकट्या सरपंचाच्या सहीवर भागू नये. विषय ग्रामसभेत यावा आणि ठराव व्हावा. देवराई तर माझ्या मते या व्यवहारात आणूच नये, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या नावाने राखलेली आहे आणि ‘आम्ही नसतो तर ती तुटली असती’ असा दावा तिथे उघडच खोटा ठरेल.

सड्यांबाबत, म्हणजे जांभा खडकाच्या उघड्या पठारांबाबत, विशेष जपावे. कार्बन क्रेडिटहून वेगळ्या असलेल्या केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेत फेब्रुवारी 2024 च्या पद्धतीनुसार एका झाडामागे एक क्रेडिट होते आणि हेक्टरी किमान 1100 झाडांची अट होती. ऑगस्ट 2025 मध्ये निकष बदलून पाच वर्षांनंतरच्या वृक्षाच्छादनावर, किमान 40 टक्के, भर दिला गेला. दोन्ही पद्धतींत मोजले जाते ते झाड. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारखा जांभ्याचा सडा कागदावर ओसाड दिसतो, पण पावसाळ्यात तिथे उगवणारी छोटी फुले मोकळ्या उन्हावर जगतात. अशा जागी खड्डे खणून रोपे लावणे म्हणजे असलेला निसर्ग मोडून विकण्याजोगा निसर्ग उभा करणे होय.

शेवटी वादाचे न्यायक्षेत्र कुठे आहे ते पाहावे. गगनबावड्याच्या शेतकऱ्याला दाद मागायला दिल्लीला किंवा सिंगापूरला जावे लागणार असेल, तर ते कलम बदलून कोल्हापूर लिहून घ्यावे. कराराची मराठी प्रत मागावी, ती आठ दिवस घरी ठेवावी आणि ओळखीच्या वकिलाला दाखवावी. सही त्याच बैठकीत हवी असा आग्रह झाला तर चहा पाजून पाहुण्याला निरोप द्यावा.