नासपतीच्या बहराची हौस असेल तर पुण्यात वायवर्णा लावा

शेजारच्या काकू मोबाईलवर एक फोटो घेऊन आल्या. लेकीने अमेरिकेहून पाठवलेला. रस्त्याच्या दुतर्फा पांढऱ्याशुभ्र फुलांची झाडं. "हेच आपल्या सोसायटीत लावू या ना!"

ते झाड म्हणजे 'कॅलरी' (Callery) नासपती, मूळचं चीन-व्हिएतनामकडचं. त्याला फुलायला लांबलचक थंडी लागते, ती पुण्यात पडत नाही. त्यातली 'ब्रॅडफर्ड' जात अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६३ साली प्रसारात आणली. तिच्या फांद्या अरुंद कोनात वाढतात आणि वादळात उभ्या चिरतात. शिवाय या झाडाची रोपं रानोमाळ पसरल्याने ओहायो राज्याने २०२३ पासून त्याची विक्रीच बंद केली. तसाच बहर देणारं आपलं झाड आहे: वायवर्णा, आयुर्वेदातला वरुण.

आधी ओळख पक्की करा. पान बेलासारखं त्रिदल, त्यामुळे रोपवाटिकेत गफलत होते. बेलाला काटे असतात आणि पान चुरगळलं की त्याचा ओळखीचा वास येतो. वायवर्ण्याला काटे नसतात. पांगाऱ्याचं पानही त्रिदल, पण खोड काटेरी आणि फुलं लालभडक. खरी खूण फुलात आहे. मार्च-एप्रिलमध्ये एक फूल हातात घेऊन पाहा: चार पाकळ्या, प्रत्येक पाकळी बारीक दांडीवर चमच्यासारखी उभी, आणि मधून मांजराच्या मिशांसारखे लांब, जांभळट पुंकेसर. उमलताना पांढरं असलेलं फूल पुढे पिवळसर होतं, म्हणून एकाच झुपक्यात दोन्ही रंग दिसतात. फळ गोलसर, टणक, लांब देठावर लोंबणारं. हिवाळ्यात झाड निष्पर्ण होतं, तेव्हा ते वाळलं समजून तोडू नका.

जागा भरपूर उन्हाची हवी. इमारतीपासून निदान पंधरा फूट लांब आणि विजेच्या तारांखाली तर नकोच. मूळचं हे ओढ्याकाठचं झाड, त्यामुळे ओल त्याला मानवते.

मे महिन्यात तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन उन्हात तापू द्या. पुण्यात बऱ्याच ठिकाणी फूटभराखाली मुरूमच लागतो. तो काढून टाका, दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड घाला. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की रोप लावा. पिशवीतल्या मातीची पातळी जमिनीबरोबर ठेवा, खोड गाडू नका. बांबूचा आधार द्या, सुतळी मात्र सैल बांधा. घट्ट सुतळीने साल कापलेली रोपं मी इतकी पाहिली आहेत की हे पुन्हा सांगावंसं वाटतं.

पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन द्या. बुंध्याभोवती तीन फूट माती मोकळी ठेवा. पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यांना हे आधीच बजावून सांगा. मोठं झाल्यावर छाटणी करायची तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून आकार लहानपणीच द्या.

फुलायला काही वर्षं लागतील. तोवर पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणी करू नका. केशरी टोकांच्या पंखांचं मोठं पांढरं फुलपाखरू याच झाडावर अंडी घालतं.