घरातला पहिला पदवीधर पुण्यात नोकरी शोधतो तेव्हा

माझे आई-वडील बीडहून ऊसतोडीला जायचे. आज मी पुण्यात फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात.

‘घरी कोण काय करतं?’ हे हमखास विचारतात. 2007 मध्ये सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर मॅनेजरांशी बोलून दाखवून दिलं, की गुणवत्तेवर भर देणारी मंडळीही घरच्या पार्श्वभूमीवरून उमेदवार जोखतात. त्याच वर्षीच्या सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांच्या अभ्यासात पात्रता सारखीच, आडनावं वेगळी असे अर्ज पाठवले होते. दलित आडनावांना बोलावणी कमी आली. म्हणून प्रत्येक नकाराची खोट स्वतःत शोधू नका. घरच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात द्या, काही लपवू नका, आणि लगेच आपल्या प्रोजेक्टवर या.

खरा फरक मात्र मुलाखतीच्या आधीच पडतो. ज्याला घरून खोलीभाडं येतं तो चांगल्या ऑफरसाठी थांबू शकतो. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन राहणारा, मेसचे पैसे थकलेला मुलगा मिळेल ती नोकरी धरतो. डिग्री मेकॅनिकलची, काम डेटा एंट्रीचं. पुढच्या कंपनीत पुन्हा ‘सध्याचा पगार किती?’ विचारतात आणि नवा आकडा त्यावरूनच ठरतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

थांबता येईल एवढी सोय शेवटच्या वर्षापासूनच बघा. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत, म्हणजे नॅट्समध्ये, नाव नोंदवा. विद्यावेतन मिळतं, आणि सीव्हीवर कामाचा खरा अनुभव येतो. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना 10,000 रुपये ठरवले होते. सध्याचे नियम पोर्टलवर तपासा. पुढे कायम होण्याची हमी यांपैकी कुठेच नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा. आणि मूळ मार्कशीट कोणत्याही कंपनीकडे जमा करू नका. बॉन्ड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याचा करार असेल, तर रक्कम वाचूनच सही करा.

ओळखीचं काय? कुणाचा मामा हिंजवडीत असतो, आपल्याकडे कॉलेजचे सीनियर असतात. त्यांना ‘सर, जॉब असेल तर बघा ना’ असं लिहू नका. त्यावर इच्छा असूनही काही करता येत नाही. असं लिहा: ‘दादा, तुमच्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअरची ही जागा निघालीय, लिंक देतोय. सीव्ही सोबत आहे. रेफर कराल का?’ असा मेसेज मला दोन मिनिटांत पुढे पाठवता येतो.