आईच्या न्हाणीघराची कडी

दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली. आतून कडी! शेवटी शेजारच्या काकांनी पहारीने दार उचकटलं. हाड वाचलं, पण माझी झोप उडाली. कुणाला विचारावं कळेना, म्हणून १४५६७ लावला. ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन. फुकट, सकाळी ८ ते रात्री ८. पलीकडच्या बाई मराठीतच बोलल्या. "तुम्ही स्वतः वेळेवर जेवता का?" हे आधी विचारलं, आणि मला रडूच फुटलं. मग पोलीस ठाण्यात आईचं नाव एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये नोंदवलं. आतली कडी काढली, कमोडशेजारी भिंतीत पक्का स्टीलचा दांडा बसवला. (टॉवेलचा दांडा चालत नाही, वजनाने उखडतो.) आई कुरकुरली, "कडीशिवाय अंघोळ? लाज वाटते गं." आता दारावर लाल रुमाल टांगते. रुमाल दिसला की आत आई.