कम्युनिटी कॉलेजातून मेडिकल स्कूल: अर्ज कधी आणि कसा करायचा

अमेरिकेत मेडिकल हे पदवीनंतरचं शिक्षण. त्यामुळे दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज (कमी फीचं, दोन वर्षांचं कॉलेज), मग ट्रान्सफर घेऊन दोन वर्षं विद्यापीठ आणि मग मेडिकल, हा रस्ता सरळ आहे आणि खिशाला परवडणाराही. बारावी संपली की लगेच नीट, असा हिशेब डोक्यात पक्का असलेल्या आपल्या घरांना तो आडवळणाचा वाटतो, इतकंच. खरी अडचण होते ती वेळापत्रकाची. ट्रान्सफरनंतर विद्यापीठात जेमतेम वर्ष काढून अर्ज करण्याची घाई बहुतेकांना महागात पडते.

सगळ्यात आधी व्हिसा तपासा. इथल्या शाळेत शिकलेला असला, तरी एच-४ वरचा (एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरचा) विद्यार्थी मेडिकल स्कूलच्या लेखी आंतरराष्ट्रीयच, आणि बरीच मेडिकल स्कूल्स अशा विद्यार्थ्यांचे अर्ज घेतच नाहीत. जी घेतात त्यांतली काही पुढच्या वर्षांच्या फीचे पैसे आधी दाखवायला सांगतात. सरकारी कर्जही मिळत नाही. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ सुटतो आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं, तेही नेमकं ट्रान्सफरच्या धामधुमीत. ग्रीन कार्ड हातात असेल तर यातलं काहीच आड येत नाही.

कम्युनिटी कॉलेजात विषय निवडताना एकच कसोटी लावा: हा कोर्स सायन्स मेजरच्या, म्हणजे सायन्स मुख्य विषय असलेल्या, मुलांसाठी आहे ना? नर्सिंग किंवा तत्सम अभ्यासक्रमांसाठीची केमिस्ट्री नावाला केमिस्ट्री असते, पण बहुतेक मेडिकल स्कूल्स ती प्रीरिक्विझिट (प्रवेशाआधी करावाच लागणारा कोर्स) म्हणून धरत नाहीत. कॅलिफोर्नियात असाल तर असिस्ट डॉट ऑर्गवर आपलं कॉलेज, यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा) कॅम्पस आणि मेजर टाकून कुठला कोर्स कशाच्या बदली चालतो ते बघा. मात्र असिस्ट फक्त ट्रान्सफरचं सांगतं. मेडिकल स्कूलच्या अटींसाठी एमएसएआर या मेडिकल स्कूल्सच्या ऑनलाइन माहितीकोशात प्रत्येक स्कूलचं पान वाचावं लागतं. काही ठिकाणी प्रीरिक्विझिट शक्यतो चार वर्षांच्या संस्थेत करावेत असं म्हटलेलं असतं, काही ठिकाणी ऑनलाइन लॅब चालत नाही.

सुरू केलेली कोर्सांची मालिका त्याच ठिकाणी संपवा. जनरल केमिस्ट्री सेमिस्टर पद्धतीत दोन भागांची, क्वार्टर पद्धतीत (वर्षात तीन छोटी सत्रं) तीन भागांची. डी अँझा आणि फूटहिल ही कम्युनिटी कॉलेजं क्वार्टरवर चालतात, कॅलिफोर्नियातली बहुतेक कम्युनिटी कॉलेजं सेमिस्टरवर. उलट यूसीमध्ये बर्कली आणि मर्सेड सोडले तर बाकी कॅम्पस क्वार्टरवर. सेमिस्टरवाल्या कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पहिला भाग करून क्वार्टरवाल्या यूसीत गेलात, तर तुम्ही तिथल्या पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मध्येच कुठेतरी लटकता. मग शिकलेलंच पुन्हा शिका, नाहीतर न शिकलेलं गृहीत धरून पुढे जा.

आता मार्कांचं गणित. मेडिकल अर्जाची सामाईक यंत्रणा, ॲमकॅस, सगळ्या संस्थांतले ग्रेड एकत्र करून स्वतः जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) काढते. समजा कम्युनिटी कॉलेजात ६० युनिट्सवर ३.९ मिळाले आणि विद्यापीठातल्या पहिल्या वर्षी ३० युनिट्सवर ३.३. एकूण जीपीए येतो ३.७. आकडा चांगला आहे, पण ॲमकॅस वर्षवार तक्ताही देतं, सायन्स आणि गणिताचा रकाना वेगळा काढून. त्यात ट्रान्सफरनंतरची घसरण ढळढळीत दिसते. म्हणून पहिल्या क्वार्टरला लॅबचे दोनच सायन्स कोर्स घ्या आणि उरलेली जागा हलक्या विषयाने भरा. कोर्स पुन्हा करून कॉलेजने जुना ग्रेड पुसला असला तरी ॲमकॅस दोन्ही धरतं.

घाई नको म्हणण्याचं दुसरं कारण बायोकेमिस्ट्री. एमकॅटमध्ये (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत) तिला भरपूर वजन आहे आणि हा कोर्स सहसा विद्यापीठात गेल्यावर, म्हणजे एकूण तिसऱ्या वर्षीच मिळतो. त्यातच जूनमध्ये अर्ज भरायचा म्हणजे विद्यापीठातल्या प्राध्यापकांना तुम्ही जेमतेम दोन-तीन क्वार्टर दिसलेले असता. त्यांच्याकडून कसलं शिफारसपत्र येणार? चौथं वर्ष संपताना अर्ज केलात तर दोन वर्षांचे ग्रेड, ओळखीचे प्राध्यापक आणि अभ्यास करून दिलेली एमकॅट, तिन्ही हाताशी असतात. मधलं एक वर्ष रिकामं राहतं. त्यात क्लिनिकमध्ये काम करा, त्या वर्षाबद्दल कोणी नाक मुरडत नाही.

कम्युनिटी कॉलेजातल्या चांगल्या प्राध्यापकांचं पत्र मात्र तिथून निघण्याआधीच मागा आणि इंटरफोलिओत (शिफारसपत्रं जपून ठेवणारी ऑनलाइन सेवा) ठेवून द्या. दोन-तीन वर्षांनी ते तुम्हाला विसरतील, किंवा तिथे नसतीलच. साधारणपणे दोन सायन्सचे आणि एक बिगर-सायन्सचे प्राध्यापक लागतात. सायन्सचं निदान एक पत्र विद्यापीठातलं असू द्या.

ॲमकॅसचा फॉर्म मेच्या सुरुवातीला उघडतो आणि मेच्या अखेरीपासून सबमिट करता येतो. ट्रान्सफरवाल्यांचे फॉर्म इथेच अडकतात. शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) स्वतंत्र पाठवावी लागते. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर ट्रान्सफर क्रेडिट छापलेलं असलं तरीही. उन्हाळ्यात एकच कोर्स केलेलं कॉलेज, हायस्कूलमध्ये असताना केलेले कॉलेजचे कोर्स (ड्युअल एनरोलमेंट), अर्ध्यावर सोडून डब्ल्यू मिळालेला कोर्स, काहीही गाळू नका. फॉर्म भरताना कोर्स जिथे शिकलात त्या कॉलेजखाली टाका. विद्यापीठाच्या यादीत तोच पुन्हा टाकला तर तो दोनदा होतो. क्वार्टर युनिट्सचे सेमिस्टर तास दोन तृतीयांशाने होतात: १५ क्वार्टर युनिट्सचे १० तास. समोर ट्रान्सक्रिप्ट ठेवून कोर्सचं नाव आणि क्रमांक जसाच्या तसा उतरवा, आठवणीवर भरू नका. चुका फार झाल्या तर ॲमकॅस अर्ज परत पाठवतं आणि कित्येक आठवडे जातात.

ॲमकॅसची पडताळणी सुरू व्हायला सबमिट केलेला अर्ज आणि सगळ्या ट्रान्सक्रिप्ट, दोन्ही लागतात. जूनच्या गर्दीत तिला सहा आठवडेही लागू शकतात, म्हणून ट्रान्सक्रिप्ट मेमध्येच मागवा आणि पोचल्याची खूण फॉर्मवर दिसेपर्यंत बघत राहा. एमकॅटचा निकाल यायला महिनाभर लागतो, पण त्यासाठी अर्ज थांबवायची गरज नसते. घरखर्चासाठी नोकरी करत शिकला असाल तर ते अडचणींबद्दलच्या १३२५ अक्षरांच्या जागेत लिहा. ५३०० अक्षरांचा निबंध त्यात घालवू नका. कम्युनिटी कॉलेज का निवडलं याचा खुलासा एका वाक्यात पुरतो, सारवासारव करत बसलात तर वाचणाऱ्याला नसलेली शंका यायला लागते. पुढे प्रत्येक स्कूलचे सेकंडरी निबंध, म्हणजे त्या स्कूलचे स्वतःचे प्रश्न, येतात. ते दोन आठवड्यांत परत गेलेले बरे, म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं पडताळणी चालू असतानाच लिहून ठेवा.