जीवघेण्या अपघाताचा तपास कुठे फसतो? या चुका टाळा

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर पहाटे जीवघेणा अपघात झाला, की ऑफिसची गर्दी सुरू व्हायच्या आत क्रेन गाड्या बाजूला करते. करावंच लागतं, नाहीतर रांग गायमुखापासून कुठवर जाईल नेम नाही. पण गाड्या हलल्या की तपासाच्या हाती उरतो घटनास्थळ पंचनामा आणि काढले असतील तेवढे फोटो.

मोजमाप न वाचता सही

पंच म्हणून बोलावलं आणि कागदावर ‘वाहन रस्त्याच्या मधोमध’ एवढंच असेल, तर सही करण्याआधी थांबा. अंतर जागचं हलणार नाही अशा वस्तूपासून घेतलेलं हवं: दिव्याच्या खांबाचा नंबर, पुलाचा पिलर. तिथून ब्रेकच्या खुणा कुठे सुरू झाल्या, कुठे संपल्या, काचा कुठे सांडल्या, गाडी कुठे थांबली. रस्ता ओला होता की कोरडा, हेसुद्धा. चाकं लॉक होऊन उमटलेली ३० मीटरची खूण कोरड्या डांबरावर ताशी ७० किमीच्या आसपास वेग सांगते. ओल्यावर तीच खूण ५५ च्या आसपास. पावसाळ्यात हा एक शब्द राहिला, की वेगाचा हिशोबच कोसळतो. आणि एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या गाडीची खूण पुसट असते किंवा नसतेच. त्यामुळे ‘खूण नाही म्हणजे ब्रेक मारलाच नाही’ ही चहाच्या टपरीवरची अक्कल झाली.

‘सीसीटीव्ही पोलीस घेतीलच’

सोसायटी आणि पेट्रोल पंपांचे डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारी यंत्रं, जुनं रेकॉर्डिंग पुसत पुढे जातात. त्याच दिवशी फिरून कॅमेरे कुठे आहेत ते टिपा, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. डीव्हीआरचं घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे तेही लिहा. ते बरोबर असतंच असं नाही. मोबाईलने स्क्रीनचा व्हिडिओ काढून काम भागत नाही, कोर्टात भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं.

गाडी घाईने गॅरेजला

मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी होईपर्यंत गाडीला पाना लावू नका. ‘लाईट बंद होती’ असा वाद असेल तर हेडलाईटचा फुटका बल्बही बोलतो: पेटलेला असताना धक्का बसला की तापलेली तार ताणली जाते. एलईडीत ही सोय नाही. मयताचं हेल्मेट, कपडे धुऊ नका. पोलिसांना तसेच द्या.

फौजदारी निकालाची वाट पाहणं

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ची, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची केस आणि मोटार अपघात न्यायाधिकरणातला भरपाईचा दावा, दोन्ही स्वतंत्र. मोटार वाहन कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, तेवढी धरूनच चाला. पोलिसांचा पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा, प्रत मागा. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर हिट अँड रन योजनेत मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. तो अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा.