किशोरवयीनांसाठी ऑनलाइन सघन मानसोपचार: थेरपिस्टने काम कसे करावे

आठवड्यातून एकदा भेटून भागत नाही, पण रुग्णालयात दाखल करावे इतकी स्थिती बिघडलेली नाही, अशा मुलामुलींसाठी अमेरिकेत ‘इंटेन्सिव्ह आउटपेशंट’ ही मधली पायरी आहे आणि आता ती व्हिडिओवरूनही दिली जाते. शाळा सुटल्यावर सुमारे ३ तास, आठवड्यातून साधारण ३ दिवस, त्यात गटसत्रे, वैयक्तिक सत्रे आणि कुटुंबाची सत्रे, असे तिचे नेहमीचे स्वरूप असते. या कामात शिरणाऱ्या तिथल्या मराठी थेरपिस्टांसाठी हे लिहीत आहे.

परवाना सर्वसाधारणपणे मूल सत्राच्या वेळी ज्या राज्यात असते तिथला लागतो. त्यामुळे सुट्टीत मावशीकडे दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मुलीच्या सत्रांचे काय करायचे, हे आधीच ठरवावे.

प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला मूल नेमके कुठे आहे आणि घरात कोणते मोठे माणूस आहे, हे विचारून नोंदवावे. कालचा पत्ता आज गृहीत धरू नये. तुम्ही स्वतःच्या फोनवरून ९११ लावलात तर तो तुमच्या भागातल्या केंद्राकडे जातो, मुलाच्या गावातल्या नाही. म्हणून त्याच्या भागातल्या आपत्कालीन केंद्राचा पूर्ण दहा आकडी क्रमांक पहिल्याच दिवशी शोधून समोर ठेवावा. मूल अचानक स्क्रीनवरून गेले तर आधी त्याला, मग पालकांना आणि तरीही संपर्क न झाल्यास त्या केंद्राला फोन करायचा, हा क्रम पालकांना लेखी द्यावा.

बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी मांडलेला सुरक्षा आराखडा, म्हणजे संकट जवळ येत असल्याच्या खुणा आणि तेव्हा काय करायचे याची लेखी यादी, मुलाबरोबर बसून, त्याच्याच शब्दांत लिहावा. ‘मूड खराब होतो’ ही खूण फारशी उपयोगाची नाही. ‘मी जेवायला खाली येत नाही आणि फोन पालथा ठेवतो’ ही खूण आईला जिन्यातूनच दिसते. आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट असताना फोन किंवा मेसेज करण्यासाठीचा ९८८ हा अमेरिकेतला मदत क्रमांक आराखड्यात असावाच. घरातली औषधे आणि बंदूक कुलपात आहे का, हे नुसते विचारून थांबू नये. पालकांना व्हिडिओवर असतानाच कपाट उघडायला सांगावे, आणि आपल्या घरांत भारतातून आणलेल्या औषधांचा वेगळा डबा असतो, त्याचीही आठवण करून द्यावी.

गोपनीयतेचा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो, कारण दाराबाहेर कोण उभे आहे हे तुम्हाला कॅमेऱ्यात दिसत नाही. हेडफोन सक्तीचे करावेत, बोलणे बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून दाराबाहेर पंखा लावायला सांगावे आणि ‘आत्ता बोलता येत नाही’ यासाठी एक साधा शब्द ठरवून घ्यावा. भारतातून आलेले आजी-आजोबा त्याच खोलीत झोपत असतील, तर जागेची सोय पालकांशी बोलून आधीच लावावी. गंभीर विषय काढताना, मुलाला हो किंवा नाही एवढ्यातच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत.

गटात मार्शा लिनेहान यांच्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीतली, म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीतली, कौशल्ये खूप उपयोगी पडतात. अ‍ॅलेक मिलर आणि जिल रॅथस यांनी ती किशोरवयीनांसाठी बेतली आणि पालकांनाही त्यात सामील करून घेतले. व्हिडिओवर ती नुसती समजावत बसू नये. चेहरा गार पाण्यात बुडवून भावनेचा जोर उतरवण्याचे तंत्र शिकवताना सर्वांनी पाण्याचा टोप शेजारी घेऊन बसावे आणि एकदमच करून पाहावे. मात्र हृदयविकार किंवा खाण्याचा विकार असलेल्या मुलाबाबत डॉक्टरांना आधी विचारावे. स्वतःचा चेहरा पाहून अस्वस्थ होणाऱ्यांना स्वतःचे चित्र लपवायला शिकवावे, पण कॅमेरा बंद करू देऊ नये.

जीव देण्याचा निश्चित बेत आहे, आराखडा पाळण्याची तयारी नाही किंवा घरात लक्ष ठेवणारे कोणी नाही, असे दिसले तर ऑनलाइन उपचार रेटू नयेत, त्याच दिवशी वरच्या पातळीच्या उपचारांची व्यवस्था करावी. आणि मूल बरे होऊन कार्यक्रमातून बाहेर पडत असेल, तर पुढच्या थेरपिस्टची पहिली वेळ हातात आल्याशिवाय त्याची फाइल बंद करू नये.