रूपकं मोजू नका, त्यांचा माग काढा

चिनीच्या एम.ए.ला प्रबंधासाठी मी चिनी नेत्यांच्या भाषणांतली रूपकं हा विषय घेतला. पहिले चार महिने नुसती मोजत होते: युद्धाची किती, प्रवासाची किती, घरबांधणीची किती. तेही इंग्रजी भाषांतरांवरून. मार्गदर्शक बाईंनी तक्ते परत केले आणि एकच वाक्य मूळ चिनीतून वाचायला दिलं.

ते शी जिनपिंग यांचं होतं, चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले त्या दिवशीचं, १५ नोव्हेंबर २०१२ चं. लोखंड घडवायचं तर घडवणारा स्वतः कणखर हवा, ही लोहारकामातली म्हण त्यांनी पक्षाच्या शिस्तीसाठी वापरली. इंग्रजीत कुणी धातूच बळकट केला, कुणी हातोडा. एका भाषांतरात तर लोहारकाम पार गळून फक्त सदाचरण उरलं. माझ्या तक्त्यात अर्थातच या वाक्याची नोंदच नव्हती.

तेव्हापासून मी एकेका रूपकाचा माग काढू लागले. ‘दगड चाचपत नदी ओलांडायची’ हे वाक्य सगळे चीनच्या आर्थिक सुधारणांचे प्रणेते डेंग शियाओपिंग यांच्या नावावर खपवतात. पण डिसेंबर १९८० मध्ये पक्षाच्या बैठकीत, आर्थिक सुधारणा जपून करा असं बजावताना, ते वापरलं पक्षातले ज्येष्ठ नेते चेन युन यांनी. पुढे २०१२ च्या डिसेंबरात शी ग्वांगडोंग प्रांतात म्हणाले की सुधारणा आता खोल पाण्यात शिरल्या आहेत. खोल पाण्यात पाय दगडाला टेकत नाही! बत्तीस वर्षांनी एक रूपक दुसऱ्याला उत्तर देतंय, हे मला दिसलं तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. मोजणीत हे दोन्ही ‘पाणी’ या एकाच रकान्यात जाऊन बसले असते.

‘मांजर काळं असो की पांढरं, उंदीर पकडतं ते चांगलं’ या डेंग यांच्या प्रसिद्ध वाक्याचंही तसंच. १९६२ मध्ये शेतीचं उत्पादन कसं सावरायचं यावर बोलताना डेंग यांनी जी सिचुआनी म्हण सांगितली, तिच्यात मांजर पिवळं किंवा काळं होतं. पांढरं ते लोकांच्या तोंडी झालं. म्हणून प्रसिद्ध अवतरणावर विसंबू नका, मूळ भाषण उघडा.

वर्गीकरणाच्या पद्धती शिकाच, त्या लागतातच. पण आधी एक वही करा. प्रत्येक रूपकापुढे लिहा: कोण बोललं, कुणासमोर, कोणता वाद चालू असताना, आणि त्याआधी ते कुणी वापरलं होतं. शेवटचा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो. माझ्या वहीत तो अजूनही बऱ्याच ठिकाणी कोरा आहे.